मोटरहोम रस्त्यावर लहरते? स्टिअरिंग बॉक्सला पाना लावण्याआधी हे करा

बसच्या चेसिसवर बांधलेली मोटरहोम सरळ रस्त्यावरही लहरते, अशी तक्रार घेऊन गॅरेजला गेलात की बहुतेक ठिकाणी पहिला पाना स्टिअरिंग बॉक्सवर, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणाऱ्या गिअरच्या डब्यावर, पडतो. “प्ले आला आहे भाऊ, टाइट करून देतो, पाच मिनिटाचं काम.” प्ले म्हणजे खेळ, ढिलेपणा. बॉक्सवरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू थोडा आवळला जातो, उभ्या गाडीत स्टिअरिंग घट्ट लागतं आणि मालक खूश होऊन निघतो. गाडी समृद्धीवर चढली की कळतं, वळवलेलं स्टिअरिंग आता मध्यावर परत यायलाच तयार नाही. आधी गाडी स्वतः लहरत होती, आता दर शंभर मीटरला आपणच तिला इकडून तिकडे ढकलत बसतो.

दुसरा ठरलेला सल्ला म्हणजे मागच्या स्प्रिंगमध्ये एक पाटा वाढवा. तिसरा, स्टिअरिंग डँपर (झटके शोषणारा दांडा) बसवा. चौथा, हवा दाबून भरा. हे चारही सल्ले देणारे लोक वाईट नसतात, पण गाडीखाली झोपून बघायचा त्यांना कंटाळा असतो. लहरण्याचं कारण बहुधा बॉक्सच्या खाली किंवा मागे सापडतं. आधी वजन बघायचं, मग हवा, मग झिजलेले जोड, मग किंगपिन (पुढचं चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं ती) आणि कॅस्टर (त्या खिळीचा मागे झुकलेला कल), शेवटी टो (पुढची चाकं किती आत किंवा बाहेर बघतात ते). काम याच क्रमाने करा. वजन हलवलं की कॅस्टर बदलतो आणि कॅस्टर बदलला की टो बदलतो, त्यामुळे उलट्या क्रमाने केलेलं मोजमाप वाया जातं.

मी ज्या गाड्यांबद्दल लिहितो आहे त्यांना समोर सरळ बीम एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा अखंड आडवा दांडा), चारही कोपऱ्यांत पाटे, पॉवर स्टिअरिंग आणि मागे जोडचाकं असतात. शाळेची किंवा प्रवासी मिनीबस घेऊन आत पलंग, ओटा, संडास बांधला की बनते ती गाडी. समोर इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळं हलणारं) असेल तर किंगपिन आणि पाचरीचा भाग सोडून द्या, बाकीचं लागू आहे.

तक्रारही नीट ओळखा. गाडी सतत एकाच बाजूला ओढत असेल तर टायर किंवा चिकटलेला ब्रेक बघा. स्टिअरिंग हातात थरथरत असेल तर चाकांचं बॅलन्सिंग आणि किंगपिनचा ढिलेपणा बघा. कधी डावीकडे, कधी उजवीकडे जाते, सारखी सावरावी लागते, आणि शेजारून ट्रक गेला की शेपूट हलतं, असं असेल तर हा लेख तुमच्यासाठी.

आपल्याकडे विदर्भात हा त्रास जास्त जाणवतो, कारण खाली काळी माती आहे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावर टाकलेला डांबरी रस्ता काही वर्षांत लाटा घेतो, कडेने खचतो. वणी-वरोऱ्याच्या बाजूला त्यात कोळशाच्या ट्रकांची भर. चांगल्या रस्त्यावर झाकला जाणारा बारीकसा दोषही इथे हातात येतो.

वजन

कापसाचा हंगाम ऑक्टोबरला सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी ओसरला की हिंगणघाट, यवतमाळ, वणीकडच्या जिनिंगचे वजनकाटे निवांत असतात. गाडी प्रवासाला निघताना जशी असते तशीच न्या. पाणी भरलेलं, सिलिंडर जागेवर, गाद्या-भांडी आत, माणसं बसलेली. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. तीनही आकडे लिहून घ्या आणि चेसिसच्या प्लेटवर दिलेल्या एक्सलच्या भाराशी ताडून बघा. रिकाम्या गाडीचं वजन या कामात उपयोगाचं नाही.

मागचा एक्सल मर्यादेत आहे एवढं बघून समाधान मानू नका. पुढचा एक्सल हलका झाला आहे का, ते बघायचं असतं. समजा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर) 4,200 मिमी आहे आणि बॉडीवाल्याने 300 लिटरची पाण्याची टाकी मागच्या एक्सलच्या दीड मीटर मागे लटकवली आहे. भरली की 300 किलो. ती पुढच्या एक्सलवरून 300 गुणिले 1.5 भागिले 4.2, म्हणजे साधारण 107 किलो उचलते आणि मागच्या एक्सलवर 407 किलो टाकते. तीच टाकी दोन एक्सलच्या मध्ये घेतली तर पुढे उलट वजन वाढतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ओव्हरहँग (मागच्या एक्सलच्या मागे लटकणारा भाग) व्हीलबेसच्या 60 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, म्हणजे या चेसिसला 2,520 मिमी. बॉडीवाले ती हद्द पुरेपूर वापरतात आणि टाकी, जनरेटर, स्टेपनी हे सगळं जड सामान नेमकं तिथेच टांगतात, कारण तिथे जागा असते. टाकी आणि बॅटऱ्या मध्ये आणायचा खर्च करा. याहून जास्त फरक पाडणारं एकच काम आहे, कॅस्टरचं, त्यावर पुढे येतो.

हवा

टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा हा कमाल दाब असतो, तुमच्या गाडीला हवा असलेला नव्हे. काट्यावर आलेलं एक्सलचं वजन टायर कंपनीच्या लोड-प्रेशरच्या तक्त्यात बघा आणि जो दाब निघेल तो पहाटे, टायर थंड असताना भरा. हलक्या पुढच्या एक्सलला कमाल दाब दिला की टायर फक्त मधल्या पट्ट्यावर चालतो आणि रस्त्याची प्रत्येक रेघ पकडतो.

मे महिन्यात दुपारी कोणी हवा तपासून “जास्त झाली” म्हणून सोडत असेल तर त्याचा हात धरा. 100 पीएसआयच्या टायरमध्ये दर 10 अंशांना साधारण 4 पीएसआय चढतात. पहाटे 28 अंशांना भरलेला टायर दुपारी रस्त्यावर 65-70 अंशांना गेला तर 15 पीएसआय वाढलेले दिसणारच. तेवढी हवा सोडली की दुसऱ्या दिवशी पहाटे तो टायर उपाशी असतो. नायट्रोजनवर पैसे घालवू नका. टायरवरच्या चार आकड्यांमध्ये बनवल्याचा आठवडा आणि वर्ष असतं, 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. मोटरहोम वर्षातले बरेच महिने उभी असते, त्यामुळे नक्षी शाबूत असतानाच टायर म्हातारे होतात. नक्षी बघून फसू नका.

खालचा खेळ

सपाट, पक्की फरशी शोधा. जिनिंगचं किंवा बाजार समितीचं काँक्रीटचं आवार उत्तम. शेतातल्या ओलसर काळ्या मातीवर जॅक लावणाऱ्याने हे काम करूच नये.

चाकं जमिनीवर, पुढच्या-मागच्या चाकांना ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल, इंजिन चालू. एका माणसाला स्टिअरिंगवर बसवा आणि सांगा की हे चाक बोटभर डावीकडे, बोटभर उजवीकडे, एवढंच करायचं, दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. तुम्ही खाली झोपा. कॉलमच्या युनिव्हर्सल जॉइंटपासून सुरुवात करा. मग बॉक्सच्या तोंडाचा शाफ्ट, पिटमन आर्म (त्या शाफ्टवर बसलेला हात), ड्रॅगलिंक (तिथून चाकाकडे जाणारा दांडा), स्टिअरिंग आर्म, टायरॉडची (पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याची) दोन्ही टोकं. प्रत्येक जोडावर बोट असं ठेवा की अर्धं बोट एका भागावर, अर्धं दुसऱ्यावर. एक भाग आधी हलला आणि दुसरा मागून आला तर तिथे खेळ आहे. डोळ्यांना न दिसलेला ढिलेपणा बोटाला कळतो. बॉक्स स्वतःच चेसिसवर हलतो का तेही बघा. त्याचे बोल्ट ढिले असतात, कधी चेसिसलाच चीर असते, आणि मालक मात्र टायरॉड बदलत बसलेला असतो.

टायरॉडच्या टोकाचं रबर फाटलं असेल तर आतल्या ग्रीसमध्ये काळी माती मिसळून करड्या रंगाचा लगदा होतो. तो बोटावर घेऊन चिमटीत चोळा. चरचर लागली तर तो जोड गेला म्हणा, वरून ग्रीस भरून काही होत नाही. नवा बसवताना नटची खाच आणि पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळून जुळवा, मागे ढिला करून कधीच नाही. आणि स्प्लिट पिन नवी.

कायदा स्टिअरिंगला 30 अंशांपर्यंत खेळ चालवून घेतो. 45 सेंमीच्या स्टिअरिंगवर तो काठाशी जवळपास 12 सेंमी होतो. फिटनेसला चालत असेल, 80 च्या वेगाला अजिबात चालत नाही. इंजिन चालू असताना काठावर दोन-तीन सेंमीपेक्षा जास्त दिसलं तर मी गाडी बाहेर काढत नाही.

मग पुढची दोन्ही चाकं उचला आणि चेसिस स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका. चाक वर-खाली पकडून हलवा. हललं तर मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा गेला तर तो हबच्या बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनच्या बुशचा. दोन्हीचं दुरुस्तीकाम फिटरचं आहे, त्यात माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

किंगपिन मोकळी आहे का

झिजलेली किंगपिन सगळे शोधतात, अडकलेली फार थोडे. चाकं उचललेलीच ठेवा, ड्रॅगलिंकचं एक टोक सोडा आणि चाक हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकला. पूर्ण प्रवासात सारखाच जोर लागला पाहिजे. मध्ये कुठे अडखळलं किंवा ढकलून सोडल्यावर जिथल्या तिथे रुतून बसलं, तर गाडी रस्त्यावर शेवटचं वळण धरून ठेवणार. डावीकडे सावरली की डावीकडेच जात राहणार, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. अशी गाडी चालवणारा शपथेवर सांगतो की स्टिअरिंगमध्ये प्ले आहे. त्यात प्ले औषधालाही नसतो.

ग्रीस घालायचं ते चाकं उचललेली असतानाच. भार असताना थ्रस्ट बेअरिंग दबलेलं असतं आणि ग्रीस सोप्या वाटेने निघून जातं. वर आणि खाली दोन्हीकडून नवं, स्वच्छ ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीसगन मारा, मध्ये मध्ये चाक फिरवत राहा. एका निप्पलमधून ग्रीस शिरत नसेल तर निप्पल बदला. तरी शिरलं नाही तर किंगपिन काढावीच लागेल. ही तपासणी न करता कॅस्टरकडे जाऊ नका. अडकलेल्या किंगपिनवर कितीही कॅस्टर दिला तरी चाक मध्यावर येत नाही, आणि तुम्ही पाचरीची जाडी वाढवत बसता.

कॅस्टर आणि पाचर

या पायरीने मला जेवढं दमवलं तेवढं दुसऱ्या कशाने नाही, आणि आजही कोणी “अलाइनमेंट करून घेतलंय” म्हणालं की मी आधी कागद मागतो. बऱ्याच ठिकाणी अलाइनमेंट म्हणजे फक्त टो. कागदावर डाव्या आणि उजव्या चाकाचा कॅस्टर अंशांत छापलेला नसेल तर तो मोजलेला नाही. नागपूर, अमरावतीला जड गाड्यांची अलाइनमेंट करणारे आहेत, जाण्याआधी फोनवर विचारा, “बीम एक्सलचा कॅस्टर मोजून छापून देता का?” समोरचा अडखळला तर दुसरीकडे जा. आणि गाडी तिथेही भरलेलीच न्यायची.

किंगपिनचा वरचा भाग मागे कलता असणं हा झाला पॉझिटिव्ह कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा असाच कललेला असतो, म्हणून हात सोडूनही सायकल सरळ जाते. हा कल जेवढा कमी, तेवढं स्टिअरिंग हलकं आणि तेवढीच गाडी बावचळलेली. गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात दिलेल्या मर्यादेच्या वरच्या टोकाजवळ राहा असं माझं ठाम मत आहे. 2 ते 4 अंश लिहिलं असेल तर 4 च्या जवळ. पॉवर स्टिअरिंग असताना थोडं जड झाल्याचा त्रास नसतो. मर्यादेच्या वर मात्र जाऊ नका, चाकं थरथरायला लागतात.

कॅस्टर जातो कुठे? बहुतेक वेळा आपणच घालवतो. मागे पाटा वाढवून गाडीचं बूड उचललं की सगळी चेसिस पुढे झुकते आणि तिच्याबरोबर किंगपिनही. 4,200 च्या व्हीलबेसवर मागचा भाग 73 मिमी उचलला की बरोबर एक अंश कॅस्टर गेला. “मागे बसते, पाटा टाका” या सल्ल्याची किंमत ही. पुढचे पाटे बसले तरी तेच होतं. उलट मागचे पाटे बसलेले असतील तर कॅस्टर कागदावर भरपूर दिसतो, पण पुढचा एक्सल हलका झालेला असतो आणि गाडी तरीही लहरते. म्हणून काटा आधी. पाटे बसले असतील तर त्यांची कमान पुन्हा काढून घ्या किंवा नवे टाका, पाचर हा त्यावरचा इलाज नाही.

एवढं सगळं बघूनही कॅस्टर कमी असेल तर पाट्याच्या आणि एक्सलच्या मध्ये पोलादी पाचर जाते. एक्सल पाट्याच्या खाली असेल, जसा अशा गाड्यांत असतो, तर पाचरीची जाड बाजू मागे. एक्सल पाट्याच्या वर असेल तर उलट. पाठ करू नका, बसवल्यावर बघा, किंगपिनचं डोकं मागच्या बंपरकडे झुकलं पाहिजे. उलट्या बसवलेल्या पाचरी मी स्वतः काढल्या आहेत, आणि त्या बसवणाऱ्याने वर बॉक्सही आवळून दिलेला होता.

पाचर लेथवाल्याकडून करून घ्या. 100 मिमी लांबीत 1.75 मिमी चढ म्हणजे एक अंश, 3.5 मिमी म्हणजे दोन. व्हर्निअरने दोन्ही टोकं मोजून घ्या, दोन्ही बाजूंच्या पाचरी एकत्र ठेवून ताडून बघा. पाट्याच्या पूर्ण रुंदीची आणि बैठकीच्या पूर्ण लांबीची हवी. अ‍ॅल्युमिनियमची नको, ती दबून पसरते. पत्र्याचे तुकडे एकावर एक ठेवून केलेली पाचर नको. आणि पाट्याला किंवा एक्सलला वेल्डिंगचा टाका तर मुळीच नको. त्या उष्णतेने पोलादाचा कस जातो आणि पाटा नेमका तिथेच तुटतो. दोन अंशांपेक्षा जास्त पाचर लागते आहे असं वाटलं तर थांबा, दुसरं काहीतरी बिघडलेलं आहे.

आता या कामातली खरी फसवी जागा. पाट्यांना एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं एक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं आणि एक्सल पुढे-मागे सरकू नये याची जबाबदारी त्या डोक्यावर असते. मध्ये पाचर आली की ते डोकं पाचरीच्या जाडीएवढं वर राहतं. कधी भोकात जेमतेम टेकतं, कधी टेकतच नाही. पाटे एक्सलला जखडणारे यू-बोल्ट आवळले की सगळं घट्ट दिसतं. पहिल्या जोराच्या ब्रेकला एका बाजूचा एक्सल काही मिलिमीटर मागे सरकतो, गाडी एका बाजूला ओढायला लागते, आणि तुम्ही दोष कॅस्टरला देता. म्हणून उंच डोक्याचा सेंटर बोल्ट घ्या, किंवा पाचरीलाच खालच्या बाजूने भोकात बसणारी गुंडी करून घ्या. काम सुरू करण्याआधी डाव्या आणि उजव्या बाजूचं पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून भिंतीवर खडूने लिहून ठेवा. काम झाल्यावर दोन्ही बाजूंचं अंतर पुन्हा जुळलं पाहिजे. ही दोन मिनिटांची मोजणी मी कधीच टाळत नाही.

सेंटर बोल्ट काढण्याआधी पाट्यांच्या थप्पीला दोन्हीकडून सी-क्लॅम्प लावा. ती थप्पी ताणलेली असते, बोल्ट निघताच पाटे उसळतात. बोटं तिथे नसलेली बरी.

एका वेळी एकच बाजू सोडा, म्हणजे दुसरी बाजू एक्सलला जागेवर धरून राहते. यू-बोल्ट सोडा, एक्सल जॅकवर अलगद खाली घ्या, पाचर सारा, डोकं भोकात बसल्याची टॉर्चने खात्री करा, नवे यू-बोल्ट लावा आणि बेतानेच आवळा. जुने ताणलेले यू-बोल्ट परत वापरणं ही कंजुषी आहे. एक बाजू पूर्ण आवळून दुसरीकडे गेलात तर दोन बाजूंच्या वेगळ्या कोनामुळे एक्सलला पीळ बसतो. दोन्ही बाजू बेताने आवळून झाल्या की गाडी चाकांवर उतरवा आणि मग टॉर्क पान्याने, तिरक्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत पुस्तकातल्या टॉर्कपर्यंत न्या. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा, पाचशेनंतर पुन्हा. पाचरीची बैठक बसते, यू-बोल्ट ढिले पडतातच.

एक्सल फिरल्यावर ब्रेकचा होज ताणला तर नाही ना, शॉक अ‍ॅब्सॉर्बर कशाला घासत नाही ना आणि पूर्ण वळणावर चाक ड्रॅगलिंकला लागत नाही ना, हे बघून घ्या. फरक किती पडला ते कळायला लोहचुंबकाचा कोनमापक पुरतो. तो काम सुरू होण्याआधी एक्सलच्या सपाट, घासलेल्या भागावर ठेवून आकडा घ्या, नंतर त्याच खुणेवर पुन्हा. त्यावरून खरा कॅस्टर कळत नाही, बदल कळतो. डावीकडे दीड आणि उजवीकडे अर्धा अंश बदलला असेल तर पुन्हा खोला, कुठेतरी डोकं बसलेलं नाही किंवा मातीचा खडा अडकला आहे. बैठक घासून, पुसून मगच पाचर ठेवायची हे सांगायला नको, पण खडे मी पाहिलेत.

मग मोकळ्या आवारात वीस-पंचवीसच्या वेगाने वळवा आणि पकड सैल करा, हात काढू नका. स्टिअरिंगने स्वतःहून मध्याकडे यायला हवं.

टो

कॅस्टर पक्का झाल्यावरच. गाडी पाच-सहा मीटर पुढे ढकलून थांबवा, मागे घेऊ नका. टायर फिरवत दोन्हींवर मधोमध खिळ्याने बारीक रेघ ओढा, हबच्या उंचीवर समोरचं अंतर मोजा, चाकं अर्धा फेरा पुढे सरकवा आणि त्याच रेघांचं मागचं अंतर मोजा. समोरचं अंतर किंचित कमी हवं, किती ते पुस्तकात असतं, रेडियलला फार थोडं. समोरचं जास्त निघालं तर टायर बाहेर बघताहेत, आणि लहरण्याचं एक स्वस्त कारण सापडलं म्हणून आनंद माना. टायरॉडची नळी फिरवून जुळवा, दोन्ही क्लॅम्प आवळा.

हे झाल्यावर स्टिअरिंग तिरकं बसलं तर काही मिस्त्री स्टिअरिंगचं चाक काढून शाफ्टच्या दुसऱ्या दात्यावर बसवतात. करू देऊ नका. बॉक्स बरोबर मध्यावर असताना त्याच्यात खेळ सगळ्यात कमी असतो, दोन्ही बाजूंना तो मुद्दाम सैल बनवलेला असतो. चाकाचा दाता बदलला तर स्टिअरिंग सरळ दिसतं, पण सरळ रस्त्यावर बॉक्स त्याच्या सैल भागात चालत राहतो. तिरकं स्टिअरिंग ड्रॅगलिंकची लांबी बदलून सरळ करायचं. आधी कोणी दाता बदलला असेल तर बॉक्सची पूर्ण डावी-उजवी फेरी मोजून मध्य शोधा आणि तिथून सुरुवात करा.

मागची बाजू

शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला टांगणाऱ्या दुव्याचे) बुश, यू-बोल्ट, अँटी-रोल बारचे (गाडीचं कलणं रोखणाऱ्या दांड्याचे) रबर. झिजले असतील तर बदला. ट्रक गेल्यावर शेपूट अजूनही डुलत असेल तर मागच्या एक्सलला आडवा पॅनहार्ड रॉड (एक्सल बाजूला सरकू न देणारा दांडा) बसवणं हा योग्य खर्च आहे, मात्र चेसिसवर काम करणारा अनुभवी माणूस हवा. स्टिअरिंग डँपर खड्ड्याचा झटका कमी करतो, लहरणं बरं करत नाही. हवाच असेल तर सगळं झाल्यावर बसवा.

रस्त्यावर

पहाटे, वारा पडलेला असताना, भरलेल्या गाडीने, सरळ रस्त्यावर. अमरावती-अकोला महामार्ग चांगला, 2022 मध्ये 105 तासांत 75 किलोमीटरचा डांबरी थर टाकून विक्रम झाला तोच. आधी साठने, मग ऐंशीने. तोच टप्पा उलट दिशेनेही चालवा. जाताना डावीकडे आणि येताना उजवीकडे गेली तर ती वाऱ्याची करामत. दोन्हीकडे डावीकडेच गेली तर रस्त्याचा उतार किंवा टायर, पुढच्या दोन टायरांची अदलाबदल करून पुन्हा बघा. दोष शोधण्याची गरज मागच्या पायऱ्यांनी संपवलेली असते, इथे फक्त एवढंच कळून घ्यायचं.

वाऱ्याचं मात्र वेगळं. समृद्धीच्या उंच भरावांवर मे-जूनच्या वादळात आडवा झोत आला तर चोख कॅस्टरचीही गाडी ढकलली जाणार. एवढ्या मोठ्या डब्याला ते चुकत नाही. वेग उतरवा, जमत नसेल तर बाहेर पडण्याच्या मार्गावर उतरून थांबा.

आणि बॉक्स. वरचं सगळं होऊनही काठावर खेळ उरला, आणि तो बॉक्सच्या आतलाच आहे हे बोटाने तपासून पटलं असेल, तर बॉक्स उतरवून टेबलावर मोजून जुळवणाऱ्याकडे द्या. गाडीवर असताना तो स्क्रू कोणी फिरवला असेल तर किती फिरवला ते विचारून घ्या, आणि परत तिथेच आणून ठेवायला सांगा.